बर्फाचे कोरडवाहू पीक

वऱ्हाडात दिवाळीच्या सुमारास पांढऱ्या रानाची गोष्ट निघाली, तर ती कापसाचीच असते. काळ्या जमिनीत बोंडे फुटू लागतात, पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात सीतादही होते, आणि थोड्याच दिवसांत अकोल्याच्या व अमरावतीच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जिनिंगची वाट धरतात. याच देशात आणखी एक पांढरे पीक निघते, याची आपल्याला सहसा आठवण होत नाही. ते डिसेंबरच्या अखेरीस आभाळातून उतरते, मार्चमध्ये विरघळू लागते, आणि मधल्या अडीच-तीन महिन्यांत डोंगरातल्या कितीतरी घरांची वर्षाची बेगमी करून जाते. ते पीक म्हणजे हिमालयातील बर्फ. आणि त्या पिकावर उभा राहिलेला खेळ व धंदा म्हणजे स्कीइंग.

आता कोणी म्हणेल, "काहून जी, मे महिन्यात ज्यांच्या अंगणात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्यांना या बर्फाच्या घसरगुंडीशी काय करायचं आहे?" प्रश्न रास्त आहे. पण नाताळच्या सुटीत बदनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या फलाटावर उभे राहून पाहावे. लोकरीच्या टोप्या घातलेली मुले, हातात फराळाचे डबे आणि तोंडात मनालीचे किंवा काश्मीरचे नाव, असे एखादे कुटुंब हमखास दिसते. आजोबांच्या काळी काशीयात्रा होती. नातवंडांच्या काळी बर्फ पाहणे ही एक यात्राच झाली आहे. तेव्हा जिथे जायचे, तिथले चार शब्द आधी माहीत असलेले बरे. शिवाय त्या बर्फाळ गावांची कहाणी ऐकू लागलो की ती आपल्या कोरडवाहू वऱ्हाडाच्या कहाणीला इतकी मिळतीजुळती वाटते, की ती परक्याची राहत नाही.

घसरण्याची विद्या

मराठीत उसाच्या रसात टाकायच्या खड्यालाही बर्फ म्हणतात आणि आभाळातून पिसासारखा तरंगत येतो त्यालाही बर्फच. 'बर्फ' हा शब्द फारसीतून आलेला, 'हिम' संस्कृतातला. आपल्या मातीत अनुभवाने रुजलेला शब्द एकच, तो म्हणजे 'गार'. तिच्या तडाख्याने संत्र्याच्या बागा झोडपलेल्या आपण पाहिल्या आहेत. स्कीसाठी लागतो तो बर्फ मात्र निराळा. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमात नऊ दशांश तर हवाच असते. त्यात माणूस पायी चालू लागला की गुडघ्यापर्यंत रुततो. पायांखाली लांब फळी बांधली, म्हणजे भार पसरतो आणि रुतणारा माणूस तरंगू लागतो. साऱ्या विद्येचे मूळ हे एवढेच. 'स्की' या शब्दाचा जुन्या नॉर्स भाषेतला अर्थसुद्धा 'चिरलेल्या लाकडाची फळी' असाच आहे.

उत्तर युरोपात ही फळी हजारो वर्षे शिकारीचे व प्रवासाचे साधन होती. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताच्या सोंद्रे नोरहाइम याने टाचेला घट्ट पकड देणारे बंध वापरात आणले, आणि साधनाचा खेळ झाला. पुढे आल्प्स पर्वताच्या तीव्र उतारांवर या खेळाने वेगळे रूप घेतले. रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी वळणे घेत उतरायचे, त्या आधुनिक 'स्लॅलम' शर्यतीचा पाया १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे घातला गेला. तो घालणारे सर अर्नोल्ड लन हे इंग्रज गृहस्थ जन्मले होते कुठे? १८८८ साली, आपल्या मद्रासेत! ज्या शहराने कधी बर्फ पाहिला नाही, त्याच्या पदरात बर्फावरच्या एका शर्यतीच्या जनकाचा जन्म पडावा, ही मौजच म्हणायची.

१९३६ हे वर्षही आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या फेब्रुवारीत जर्मनीच्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन गावी उतारावरच्या स्कीइंगचा हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. १९१४ साली स्थापन झालेल्या आपल्या आखाड्याची मुले आणि आल्प्सचे स्कीपटू एकाच वर्षी, एकाच देशात, एकाच सोहळ्याच्या दोन टोकांना उभे होते.

नवख्या माणसाला पहिला धडा मिळतो तो थांबण्याचा. दोन्ही फळ्यांची पुढची टोके जवळ आणायची, मागची टोके फाकवायची आणि आतल्या कडा बर्फात दाबायच्या. वेग आपोआप मंदावतो. या पवित्र्याला इंग्रजीत बर्फाच्या नांगराचे नाव आहे. शेतकऱ्याच्या मुलाला तो समजावून सांगायला वेळ लागू नये! दुसरा धडा असा, की उतार सरळ उतरायचा नसतो, आडवा कापत उतरायचा असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाटरस्ता नाही का डोंगराला वळसे घालत जात? चढ सौम्य करण्यासाठी रस्ता जे करतो, तेच वेग ताब्यात ठेवण्यासाठी स्कीपटू करतो. पहिल्या दिवशी प्रत्येकजण पडतो. कुल्ल्यावर पडावे, हात मागे टेकू नयेत, आणि हसून उठावे, एवढे जमले की अर्धी विद्या आली.

गौरीचे कुरण

भारतातील स्कीइंगचे माहेर म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटर, उंची सुमारे २,६५० मीटर. या जागेचे जुने नाव 'गौरीमार्ग' होते आणि सोळाव्या शतकात सुलतान युसुफ शाह चक याने त्याचे 'गुलमर्ग' केले, असे सांगतात. काश्मिरीत 'मर्ग' म्हणजे कुरण. उन्हाळ्यात जिथे मेंढ्या चरतात, तिथेच हिवाळ्यात माणसे घसरतात. सगळ्याच चांगल्या स्कीउतारांची ही गोष्ट आहे. झाडे नसलेला गवताळ उतार बर्फाखाली गेला की तो खेळाचे मैदान होतो.

इथे १९२७ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. साहेब गेला आणि खेळ संपला असता, पण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाने या कलेची गरज दाखवून दिली. १९४८ च्या अखेरीस, त्या वेळी काश्मीर आघाडीवर असलेले आणि पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या यांच्या पुढाकाराने गुलमर्गला सैन्याची स्कीशाळा सुरू झाली. १९६२ साली तिचेच उच्च पर्वतीय युद्धप्रशिक्षण शाळेत रूपांतर झाले. आपल्याकडे हा खेळ हौसेपेक्षा संरक्षणाच्या गरजेतून टिकला, हे विसरून चालणार नाही.

पर्यटकांसाठी रोपवे बांधण्याचे काम १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि खोऱ्यातील अशांततेमुळे रखडले. अखेर १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत सुरू झाला, आणि २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत जाऊन पोहोचला. त्यानंतर जगभरचे स्कीपटू गुलमर्गला येऊ लागले. युरोपात उतार दाबून, सपाट करून ठेवलेले असतात. अफरवतवर मात्र अस्पर्श भुसभुशीत हिमातून उतरता येते. त्या सुखाला धोकाही तेवढाच आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये याच भागात हिमकडा कोसळून प्रशिक्षण घेणारे पंधराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. २०२३ मध्ये अफरवतवर दोन परदेशी स्कीपटूंचा असाच अंत झाला. त्यामुळे वाटाड्याशिवाय वरच्या उतारावर जाणे म्हणजे पूर आलेल्या नदीत उडी घेणेच.

या उतारांनी एक माणूस घडवला, त्याचे नाव आरिफ खान. वडील गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचे दुकान चालवीत. मुलगा तिथेच फळ्यांवर उभा राहायला शिकला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. पदकांच्या यादीत ही जागा कोणी शोधणार नाही, पण निम्म्याच्या आसपास स्पर्धक ज्या शर्यतीत बर्फात पडून बाद झाले, ती त्याने पूर्ण केली. त्याच्याआधी १९६४ साली इन्सब्रुकला आणि १९६८ साली ग्रेनोबलला जेरेमी बुजाकोव्स्की हा भारताचा स्कीपटू उतरला होता.

औली आणि शेजारचे डोंगर

दुसरे मोठे ठाणे उत्तराखंडातील औली. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. या गावाचे अधिकृत नाव २०२४ पासून ज्योतिर्मठ झाले आहे. आदि शंकराचार्यांच्या पीठाचे हे गाव, बद्रीनाथाच्या वाटेवरचे. त्याच्या डोक्यावर २,५०० ते ३,००० मीटर उंचीचे औलीचे कुरण. गढवालीत त्याला 'बुग्याल' म्हणतात. समोर नंदादेवी. इंडो-तिबेट सीमा पोलिसांची पर्वतारोहण व स्कीइंगची संस्था इथे आहे. गावातून वर जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे १९९०-२००० च्या दशकात सुरू झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या स्कीस्पर्धा इथेच झाल्या.

पण डोंगराला माणसाच्या हौसेचे ओझे किती द्यावे, याचा हिशेबही औलीच्याच पायथ्याशी मांडला गेला. जोशीमठ जुन्या दरडीच्या मातीवर वसले आहे, इथे जड बांधकाम जपून करावे, असा इशारा १९७६ सालीच मिश्रा समितीने देऊन ठेवला होता. जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागली, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि रोपवे बंद ठेवावा लागला. लोकांना कडाक्याच्या थंडीत घरे सोडून निघावे लागले. ज्या हंगामाची वर्षभर वाट पाहिली, त्याच हंगामात!

हिमाचलात मोठे ठाणे नाही. लहान लहान उतार अनेक आहेत. शिमल्याजवळ कुफ्री, त्यापुढे साठेक किलोमीटरवर नारकंडा, आणि मनालीच्या वर सोलंगचे खोरे. आपली बहुतेक कुटुंबे प्रथम सोलंगलाच बर्फावर उभी राहतात, आणि तेही भाड्याचे जाड कोट व गमबूट घालून! सोलंगच्या परिसरातील बुरुवा गावची आँचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय स्कीस्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक. शिमल्यात तर १९२० सालापासून निव्वळ नैसर्गिक थंडीने गोठवलेले स्केटिंगचे मैदान आहे. संध्याकाळी पाणी शिंपायचे, सकाळी बर्फ तयार. मात्र थंडीच्या रात्री पूर्वीसारख्या भरवशाच्या राहिल्या नाहीत, आणि स्केटिंगचे दिवस कमी होत चालले आहेत.

पश्चिमेचा वारा

हा बर्फ येतो कुठून? आपल्या जूनच्या पावसाशी त्याचे नाते नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडे सरकतात. इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते हिमालयाला धडकतात आणि तिथे ओलावा टाकतात. वर्तमानपत्रे त्यांना 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. एखादा जोरकस झंझावात दक्षिणेपर्यंत प्रभाव टाकतो, तेव्हा त्याची व बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्याची गाठ मध्य भारतावर पडते. मग विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपल्या हरभऱ्याच्या, गव्हाच्या आणि संत्र्याच्या बागाइतदारांना अजून आठवत असेल. गुलमर्गच्या घोडेवाल्याला जो वारा अन्न घालतो, तोच कधी अचलपूरच्या बागाइतदाराच्या तोंडचा घास हिरावतो. एकाच आभाळाखाली आपण कसे बांधले गेलो आहोत, हे यावरून दिसते.

आणि आता हे आभाळ लहरी झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन हंगामात, गुलमर्गचे उतार तपकिरी गवताने उघडे पडले होते. हॉटेलांतील आरक्षणे रद्द झाली. भाड्याच्या फळ्या दुकानात उभ्याच राहिल्या. महिनाअखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीतील 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पुन्हा तीच कथा. फेब्रुवारीत ठरलेल्या गुलमर्गच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घेतल्या. औलीलाही बर्फाअभावी स्पर्धा पुढे ढकलण्याची वा रद्द करण्याची पाळी आलेली आहे. मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरले, आणि आर्द्राही कोरड्या गेल्या तर दुबार पेरणी, हे गणित ज्याच्या घरी तोंडपाठ आहे, त्याला या बातम्या समजावून सांगायला नकोत.

कोरडवाहू शेतकरी जसा ओलिताचा विचार करतो, तसा बर्फाच्या धंद्यातही ओलिताचा विचार झालाच. बारीक नळ्यांतून पाण्याचे तुषार थंड हवेत उडवायचे. पारा शून्याखाली असला की ते थेंब खाली पडेपर्यंत गोठतात. आपल्या शेतातला तुषार संचच जणू थंडीला जोडला! २०२२ चे बीजिंग ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे अशा कृत्रिम बर्फावर झाले. २०११ च्या खेळांच्या निमित्ताने औलीलाही अशी यंत्रे आली. दुबईने तर २००५ साली वाळवंटातील एका बाजारपेठेच्या इमारतीत चारशे मीटर लांबीचा बर्फाचा उतार उभा केला आहे. पण विहिरीला पाणी असेल तरच ओलीत, तसे पाणी आणि थंडी दोन्ही असतील तरच कृत्रिम बर्फ. ज्या डोंगराला थंडीच सोडून चालली, तिथे यंत्र काय करणार? शिवाय खरा बर्फ नुसत्या खेळासाठी नसतो. तो वितळून झेलमला आणि अलकनंदेला पाणी मिळते, आणि सफरचंदाच्या झाडाला बहर येण्यासाठी हिवाळ्याची ठरावीक थंडी सोसावीच लागते. खेळाचा हंगाम बुडाला, तर बहुधा बागेचा हंगामही धोक्यात असतो.

आपला डोंगर

आपल्या पदरी डोंगर आहे तो चिखलदऱ्याचा. सुमारे १,१०० मीटर उंची. दर शंभर मीटरला पाऊण अंशापेक्षा थोडी कमी थंडी वाढते या हिशेबाने अकोल्यापेक्षा तिथे पाच-सहा अंश गारवा. बर्फाची गोष्ट मात्र बोलायला नको. तरी त्याची जडणघडण या हिमगावांसारखीच आहे. १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याची नजर या पठारावर गेली. मागोमाग साहेबांचे बंगले आले, कॉफीची झाडे लागली, आणि मग आपण आलो. आधी गुराखी, मग शिपाई, मग साहेब, मग सुटीतले कुटुंब, हाच क्रम गुलमर्गचा. गाविलगडाचे नावच मुळी गवळ्यांवरून पडलेले. चिखलदऱ्याचे पीक आहे धुके आणि श्रावणाचा पाऊस. त्याच्याही खाली मेळघाटात कोरकूंच्या अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. वर पर्यटकांनी गजबजलेली हॉटेले आणि खाली रिकामे हंडे, हे चित्र जोशीमठाच्या तड्यांपेक्षा फार वेगळे नाही.

यंदा जी कुटुंबे बर्फाकडे निघतील, त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. परतीचे आरक्षण एक-दोन दिवस सैल ठेवावे, कारण बर्फ पडला की रस्ते बंद होतात आणि न पडला की वाट पाहावी लागते. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावू लागली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला आणि खोऱ्यातील हॉटेले रिकामी पडली, हेही ध्यानात ठेवून निघण्यापूर्वी तिथली परिस्थिती विचारून घ्यावी. काळा चष्मा अवश्य न्यावा. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना भाजून काढते. शिकवणारा गडी स्थानिक घ्यावा आणि पहिल्या दिवशी पायथ्याच्या सौम्य उतारावरच राहावे.

आणि समजा, गेलो आणि बर्फच पडला नाही? मुले हिरमुसतील, प्रवासाचे पैसे अंगावर आल्यासारखे वाटतील. अशा वेळी स्लेज ओढणाऱ्या माणसाकडे, घोडेवाल्याकडे, चहाच्या टपरीवाल्याकडे एकवार पाहावे. आपली एक सहल फसलेली असते; त्याचे वर्ष फसलेले असते. रोहिणी-मृगात कोरड्या आभाळाकडे टक लावून बसलेला बाप ज्याने घरात किंवा शेजारी पाहिला आहे, त्या वऱ्हाडी माणसाला ती नजर चटकन ओळखता येईल. त्याच्याशी भावात घासाघीस जरा कमी करावी, टपरीवरचा चहा एक कप जास्त घ्यावा, आणि मुलांना सांगावे, की हेही शेतकरीच आहेत. यांचे पीक तेवढे पांढरे आणि थंड आहे.